कोऱ्या कोपऱ्यांची पत्रं

काल मत देऊन आले. शाळा तीच, खोलीही तीच, फक्त कौलांच्या जागी आता स्लॅब आहे. टेबलामागे नातीच्या वयाची एक मास्तरीण बसली होती. "आजी, डावं बोट द्या," म्हणाली आणि नखावर शाईची रेघ ओढली. माझ्या मागे एक नवी नवरी उभी होती, कोपरापर्यंत चुडा, हाताची मेंदी अजून लाल. तिच्याही त्याच बोटाला तीच शाई. मी दारात थबकून बघतच राहिले. मास्तरणीनं विचारलं, "काही राहिलं का आजी?" म्हटलं, काही नाही राहिलं बाई. काय सांगायचं तिला? या खोलीत मी पहिल्यांदा आले तेव्हा तिच्या आईचाही जन्म झालेला नव्हता. आणि त्या निवडणुकीत आमच्या घरानं जो धक्का खाल्ला तो माझ्या छातीतून अजून उतरलेला नाही.

साहेबाचं राज्य होतं तेव्हा. आम्ही मध्य प्रांतातले, निमाड जिल्ह्यातले. थंडीचे दिवस होते. कापसाच्या जिन-कारखान्यातून सरकीचा तेलकट वास यायचा, कापसाचे पुंजके उडत येऊन तुळशीत अडकायचे, आणि सकाळी तापीवर इतकं धुकं असायचं की पल्याडचं जैनाबाद दिसायचंच नाही, नुसतं ऐकू यायचं. बैलांच्या घुंगरांवरून ओळखायचं, गाड्या उतारावर आल्या म्हणून. त्या थंडीत माझा थोरला भाऊ, दादा, निवडणुकीला उभा राहिला. दादा वकील होता. वकिली बेताची, आवाज मात्र खणखणीत. समोर जिनवाले एक शेठ होते. त्यांच्याकडे मोटार, आमच्याकडे भाड्याची बैलगाडी.

मी सोळाव्या वर्षी कपाळ पुसून माहेरी आले होते, त्याला सहा-सात वर्षं होऊन गेली होती. घरात दादा, वहिनी आणि मी. मला पुढच्या ओट्यावर बसायची सवय नव्हती. त्यामुळे हा मतदारसंघ म्हणजे काय प्रकरण आहे ते मी दादाच्या तोंडून शिकले. तो चार दिवस फिरून यायचा, पाय गरम पाण्यात घालून बसायचा आणि सांगत सुटायचा. मी पिठाच्या रिकाम्या पोत्याचं कापड धुऊन त्यावर नकाशा काढला होता. तापी काढली कपड्यांच्या निळीनं. अलीकडे बुऱ्हाणपूर, पलीकडे जैनाबाद, काठाकाठानं केळीचे मळे, मग कापसाची काळी जमीन, आणि वर सातपुडा, त्यासाठी चुलीतला कोळसा. "धूलकोट अजून वर घे," दादा म्हणायचा, "डोंगर चढता चढता बैलाच्या तोंडाला फेस येतो, आणि तू त्याला पायरीवर बसवू राहिली." मग मी धूलकोट वर सरकवायची. माणसं कुठली, त्यांना पाण्याला किती लांब जावं लागतं, कुठे नाल्यावर फरशीचा पूल हवा, सगळं मला पाठ होतं. उंबरा न ओलांडता मी तो सगळा मुलूख फिरले. ते सुख पुन्हा आलं नाही.

नकाशावर एकच गाव मी कधी नीट काढलं नाही. खकनार. ते माझं सासर. तिथून थोरल्या दिरांचा निरोप आला होता की सुनेनं माहेरी राहण्याला काही हद्द असते, होळी झाली की गाडी पाठवतो. तिथे सतरा माणसांचा स्वयंपाक होता आणि स्वयंपाकाला बाई हवी होती, एवढाच त्याचा अर्थ. दादानं मला समोर बसवून सांगितलं, "बाय, मी निवडून आलो तर पहिलं काम मुलींच्या शाळेचं. चौथीच्या पुढे वर्ग काढायचे. तुला मास्तरणीच्या शिक्षणाला पाठवतो, सरकारी कागद हातात असला की तुझे दीर तोंड उघडणार नाहीत. आणि पडलो तर..." तो थांबला. "पडलेल्या माणसाचं बिरादरीत कोण ऐकतं? मग मला तुला अडवता येणार नाही." माझा जीव मतांच्या पेटीत होता, तो असा. दादा आमदार व्हावा, त्याला हार पडावेत, याच्याशी मला काय करायचंय? मला शाळा पाहिजे होती.

त्या वेळी सगळ्यांना मत नव्हतं. ज्याची जमीन, ज्याची घरपट्टी, त्याला. बायकांतली जिला लिहिता-वाचता येई तिला, नाहीतर जमीन-घरपट्टीवाल्या नवऱ्याच्या बायकोला. दादाच्या डोक्यात आदल्या वर्षापासूनच हे होतं. म्हणाला, बायकांना अक्षर शिकव, त्यांची नावं यादीत येऊ दे. मग दुपारी आमच्या माजघरात पाट्या वाजायला लागल्या. वहिनी पहिली. तिचं माहेर रावेरचं, बोलायला तिखट, हाताला गोड, आणि पाटीसमोर बसली की सहा वर्षांच्या पोरीसारखी जीभ बाहेर काढून लिहायची. दुसऱ्या शेजारच्या गोदाकाकू, साठीच्या, माझ्यासारख्याच पांढऱ्या कपाळाच्या. त्यांनी तीन आठवडे घाम गाळून स्वतःचं नाव लिहिलं आणि पाटी लांब धरून बघत राहिल्या. म्हणाल्या, "एवढंच होतं व्हय? मी समजत होते का मोठं असेल." आम्ही हसलो, मग कोणाला हसू येईना.

खडूचा वास, ओल्या फडक्याचा वास, आणि चुलीवर उतू जाणारं दूध, कारण शिकणारी आणि शिकवणारी दोघींचं लक्ष पाटीत. ते माजघर मला आजही झोपेत दिसतं.

मतं कशी द्यायची तेही मीच शिकवलं. प्रत्येक उमेदवाराच्या पेटीला रंग होता. शेठजींची हिरवी, दादाची पिवळी. पडद्याआड जायचं, हातातला कागद आपल्या रंगाच्या पेटीत टाकायचा, बाहेर यायचं. मी डाळीच्या दोन डब्यांना रंगीत कागद चिकटवले आणि तालीम घेतली. पिवळा रंग निघाला म्हणून वहिनी भलतीच खूश. "हळदीचा रंग आला वन्सं, देवीनंच दिला." बायकांना सगळं कळलं, एक सोडून. त्यांना कागदावर सही करायची होती. नाव शिकलो कशाला मग? मी दादानं आणलेलं सरकारी पत्रक मोठ्यानं वाचलं. कागदावर नाव नाही, फुली नाही, अंगठा नाही, कसली म्हणून खूण नाही. खूण दिसली की कागद बाद. चार वेळा म्हणून घेतलं त्यांच्याकडून, पाढ्यासारखं. खूण केली तर? बाद. अंगठा उठवला तर? बाद. गोदाकाकू तर येता-जाता म्हणायला लागल्या, भाजी करपली तरी "बाद".

आता कुंकवाचं सांगते. आमच्यात मंगल कागद कोरा पाठवत नाहीत. लग्नाची चिठ्ठी असो, बारशाचं बोलावणं असो, साधं खुशालीचं पत्र असो, कोपऱ्याला हळदीकुंकवाचं बोट लागलेलं असायचं. कोऱ्या कोपऱ्याचं पत्र आलं की घर आधी बसून घ्यायचं, मग वाचायचं. ते मयतीचं. वहिनीला याचा फार सोस. दादा निवडणुकीचा अर्ज भरून निघाला तर ती कुंकवाची कुयरी घेऊन आडवी आली आणि अर्जाच्या कोपऱ्याला बोट टेकवलं. दादा म्हणाला, "अगं, हा कचेरीत जाऊ राहिला, लग्नाला नाही." ती म्हणाली, "माझ्या घरातून कोरा कागद बाहेर नाही जायचा." आणि अर्ज मंजूर झाला की. साहेबानं त्या लाल बोटाकडे पाहिलंसुद्धा नाही. झालं, वहिनीचा भरवसा पक्का.

संक्रांत आली. तेव्हापासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवं. वहिनीनं यंदा वाण म्हणून बांगड्या-फण्या दिल्या नाहीत, पाटीवरची एकेक पेन्सिल दिली. सगळ्या गावात चर्चा. तिळगूळ माझ्या हातचा होता. वेलदोड्याच्या वासानं माझी बोटं दोन दिवस दरवळत होती. पण मी माजघरात. दाराच्या फटीतून अत्तरदाणीचा वास यायचा, काकणं वाजायची, आणि मी आत रिकाम्या ताटल्या पुसायची. मला त्याचं वाईट वाटत होतं का? खरं सांगते, नाही. पावसात छत्री घेतात तसं ते होतं, कोणी विचार करत नसे. गोदाकाकू माझ्याजवळ बसून उरलेला तिळगूळ खात होत्या. "बाहेरच्यांना एकेक लाडू, आपल्याला डबा," म्हणाल्या.

मतदानाच्या सकाळी सगळ्या बाया आमच्या अंगणात जमायच्या होत्या. मी पहाटे उठून न्हाले, धुवट लुगडं नेसले. शेवटचं एकदा सगळ्यांकडून म्हणवून घ्यायचं, असं मी ठरवलं होतं. वहिनी आत आली. नथ घातली होती, शालू नेसली होती, सुंदर दिसत होती. माझ्या हाताला धरून हळूच म्हणाली, "वन्सं, राग नका मानू. तुम्ही अन् काकू जराशा माजघरातच थांबा. शुभ कामाला निघू राह्यल्या साऱ्या, जैनाबादच्या बायाही हायत, कोणी काही बोललं तर मलेच वाईट वाटेल. तुम्ही दोघी मागून या."

मी म्हटलं, बरं. दार लोटलं गेलं. बाहेर हसणं, काकणं, मग गाणं, मग लांब जाणारी पावलं. मी आत बसून शेंगा सोलल्या. गोदाकाकू म्हणाल्या, "तालीम आपली, नाटक त्यांचं."

दुपार कलताना आम्ही सात जणी निघालो, अशाच आपापल्या घरी मागे ठेवलेल्या, साऱ्या पांढऱ्या कपाळाच्या. शाळेत बायकांची खोली वेगळी होती, दाराला चादर लावलेली. आत कुठल्याशा परगावची एक बाई यादी घेऊन बसली होती. तिनं नाव विचारलं, मी सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा कोणी परक्यानं माझं नाव विचारून कागदावर माझ्यासमोर बरोबरची खूण केली होती. पडद्याआड गेले. दोन पेट्या स्टुलांवर. हिरवी जशीच्या तशी. आणि पिवळी? हळदीकुंकवानं माखली होती, वर फुलं, अक्षता, कोणी सुपारीही ठेवली होती. कुंकवाचा, झेंडूचा वास कोंडून राहिला होता. मला हसू आलं. म्हटलं, पेटीची देवी केली की बायांनी. माझा कागद आत सोडला. तो तळाशी पडल्याचा आवाज आला नाही, कारण आत भरपूर कागद होते. त्या आवाज न येण्यानं मी इतकी सुखावले की घरी येईपर्यंत पाय जमिनीवर नव्हते. शाळेची खोली डोळ्यांसमोर रंगवली, फळा कुठल्या भिंतीला, खिडकी कुठे.

मोजणी खांडव्याला होती. दादा आगगाडीनं गेला. वहिनीनं दुपारीच हलवायाकडे मावा जिलेबी सांगून ठेवली. दिवेलागणीला दादा आला तेव्हा ताट झाकून ठेवलं होतं आणि पाकाचा वास घरभर. दादाच्या बरोबर कोणी नव्हतं. तो ओट्यावर चढला, टोपी काढली, आणि चपला न काढता तसाच माजघरात आला. तसा तो कधीच येत नसे.

"पडलो," म्हणाला.

वहिनीनं विचारलं, "कितीनं?"

"थोडक्यानं. फार थोडक्यानं." मग तो पाटावर बसला आणि वहिनीकडे बघून अगदी हळू आवाजात म्हणाला, "आपल्या शाळेतली बायकांची पिवळी पेटी उघडली. काठोकाठ. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. साहेबानं एक कागद उचलला, उजेडाला धरला, बाजूला ठेवला. दुसरा उचलला, बाजूला ठेवला. मी म्हटलं, काय झालं? त्यानं दाखवलं. कोपऱ्याला हळदीकुंकू. दोन बोटं, एक पिवळं, एक लाल. प्रत्येक कागदाला. खूण म्हणाला. नियम वाचून दाखवला. बाजूचा ढीग एवढा झाला, त्याच्या निम्म्यानं मी निवडून आलो असतो."

खूण केली तर? बाद. चार वेळा म्हणवून घेतलं होतं मी. वहिनीचा चेहरा पांढराफटक पडला होता. ती म्हणाली, "पण कुंकू म्हणजे खूण कशी? खूण म्हंजे सही, अंगठा... मीच पुड्या बांधून दिल्या साऱ्यांना. निघताना अंगणात सांगितलं, पेटीला लावा अन् कागदाच्या कोपऱ्याला लावा. आपल्या माणसाचा कागद, कोरा कसा टाकायचा?" ती माझ्याकडे वळली. "वन्सं, तुम्ही का नाही सांगितलं?"

तिचं वाक्य तिच्याच कानात परत गेलं असावं, कारण ती एकदम खाली बसली. अंगणात पुड्या वाटल्या जात होत्या तेव्हा मी कुठे होते ते तिला ठाऊक होतं. दार तिनंच लोटलं होतं.

दादा म्हणाला, "त्या पेटीतली कोरी मतं निघाली फक्त सात. तेवढीच धरली." गोदाकाकू दारात उभ्या होत्या, त्यांनी मनात मोजलं असणार. "म्हंजे आमचीच," म्हणाल्या. "जी घरात ठेवली तीच." त्या दिवशी त्यांना थट्टा करायची नव्हती. जिलेबीला कोणी हात लावला नाही, सकाळी गाईला घातली.

मी त्या रात्री रडले नाही. मी रागावले होते, पण कोणावर? वहिनीनं माझं वाईट चिंतलं नव्हतं. तिनं तर दोन्ही गोष्टी मायेनंच केल्या, कुंकू लावलं तेही आणि मला आत ठेवलं तेही. आपलेच दात, आपलेच ओठ. तरी सांगते, पुढे कित्येक वर्षं तिची कुयरी डोळ्यांसमोर आली की मी हातातलं काम टाकून उठायची.

होळी झाली, खकनारची गाडी आली. दादा ओट्यावर खांब धरून उभा होता, त्यानं वर पाहिलं नाही. मी नकाशाचं कापड घडी करून बोचक्यात घातलं होतं. वहिनीनं माझ्या ओटीत दशम्यांची पुरचुंडी ठेवली आणि म्हणाली, "मी पत्र लिहीन. तुम्हीच शिकवलं हाय." गाडी तापीकाठानं निघाली. केळीचे मळे, काळी जमीन, नाला, सगळं मी काढलेल्या जागीच होतं. मी चुकले नव्हते. खकनार मात्र नकाशात कधी नीट काढलंच नव्हतं, ते आता सावकाश बघायला मिळणार होतं.

आणि वहिनीनं खरंच लिहिलं. महिन्या-दोन महिन्याला एक पाकीट. पहिलं आलं तेव्हा थोरल्या दिरांनी ते हातात घेतलं आणि मटकन खाली बसले. चारही कोपरे कोरे. घरात बायांनी पदर तोंडाला लावले. मी फोडलं, तर आत काय, केळी चांगली आली, गोदाकाकूंचा गुडघा दुखतो, दादाला खोकला होता पण आता बरा आहे. मी पुन्हा पुन्हा पाकीट उलटसुलट करून पाहिलं. कुंकू विसरणारी ती बाई नव्हे. दुसरंही तसंच आलं. तिसरंही. मग मला कळलं. वहिनीनं कागदाला कुंकू लावणं सोडलं होतं. एक अक्षर तिनं त्याबद्दल कधी लिहिलं नाही, मीही विचारलं नाही. जिच्या घरातून कोरा कागद बाहेर जात नव्हता, तिनं मला आयुष्यभर कोरेच कागद पाठवले. ती क्षमा मागत होती आणि मी दर वेळी ती वाचत होते. कधी दिली, ते मला सांगता येणार नाही. हळूहळू, धुणं वाळतं तशी दिली असेल.

सासरच्यांनाही सवय झाली. पोस्टमन आला की जाऊबाई म्हणायच्या, "तुमच्या वहिनीचं आलं बघा, कोरं." कोणी दचकेनासं झालं. मुलं त्या पाकिटांची तिकिटं काढून घ्यायची.

काल घरी आले, हात धुतले, शाई काही निघाली नाही. ट्रंक उघडली. वर पोत्याचं कापड, निळीची तापी अजून फिकट निळी आहे. खाली पत्रं. आता हे बुऱ्हाणपूरचं घर माझं आहे. मी खकनारहून परत आल्यावर वहिनी आणि मी इथे एका चुलीशी वीस वर्षं राहिलो, दोघी पांढऱ्या कपाळाच्या. तीही गेली. मुलींची शाळा पुढे झाली, कोणीतरी दुसऱ्यानं काढली, दुसऱ्याच कोणी शिकवलं.

गठ्ठ्यातलं शेवटचं पाकीट मी काल बाहेर काढलं. ते आलं त्या दिवशी मी भाकऱ्या थापत होते. जाऊबाईंनी लांबूनच सांगितलं, "कोरं आलंय." मी म्हटलं, ठेवा फडताळावर, हात पिठाचे आहेत. सतरा माणसांच्या भाकऱ्या झाल्या, वाढून झालं, मागचं आवरून झालं. मग ओट्यावर उन्हात बसून मी ते पाकीट फोडलं, केळी कशी आली यंदा, गोदाकाकूंचं काय, म्हणून हसत हसत. आत एकच ओळ होती. दादा गेला होता, चार दिवसांपूर्वी.